कताना : पारख आणि निगा

काही वर्षांपूर्वी, दसऱ्याला दोन दिवस उरले असताना, सातारा जिल्ह्यातील एका गावी आम्हांला एक तलवार दाखविण्यात आली. यजमानांचे वडील मराठा पलटणीत होते. १९४५ साली जपानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा एका अधिकाऱ्याची तलवार त्यांच्या वाट्याला आली आणि ट्रंकेच्या तळाशी कांबळ्यात गुंडाळून ती ब्रह्मदेशातून देशावर आली. तेव्हापासून दर खंडेनवमीला ती बाहेर निघे. चिंच आणि राख लावून घासली जाई, खोबरेल तेलाचा हात फिरे, मग हळदकुंकू, झेंडूचे फूल आणि पुन्हा वर्षभर फडताळ. त्या वर्षी आम्ही येणार म्हणून यजमानांनी विशेष खटपट केली होती. मूठ उतरवून, मुठीच्या आत शिरणारा पात्याचा देठसुद्धा त्यांनी पॉलिश कागदाने घासून लख्ख केला होता.

"अण्णा, हे कधी केलंत?" आम्ही विचारले.

"कालच. आत नुसता काळा गंज बसला होता हो. सगळा काढला. आता बघा, कशी चांदीसारखी झाली आहे."

आम्ही पाहिले. देठावर दोन अक्षरांच्या पुसट खुणा होत्या. बोट फिरविले तर लागत होत्या, डोळ्यांना दिसत नव्हत्या. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. माणसाने प्रेमाने केलेल्या कामाला तोंडावर नाव ठेवणे अवघड असते. परंतु परतताना एस. टी. च्या खिडकीशी बसून मनात एकच विचार घोळत होता, की त्या काळ्या गंजाला आम्ही ज्याला इतिहास म्हणतो त्याचीच किंमत होती, आणि तो एका दुपारी कागदाच्या चार तुकड्यांनी निघून गेला. आजच्या विषयाकडे आम्ही वळलो ते त्या प्रवासामुळे. जपानी तलवारीची पारख कशी करतात, तिची निगा कशी राखतात आणि या दोन्ही गोष्टींना एवढा मोठा इतिहास का आहे, हे आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. जपानी माप शाकु, म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर. पाते दोन शाकुंहून लांब असेल तर ती मोठी तलवार, एक ते दोन शाकु असेल तर वाकिझाशी, त्याहून आखूड ती तान्तो म्हणजे कट्यार. मोठ्या तलवारीतही जुनी ताची आणि नंतरची कताना असे दोन प्रकार आहेत. ताची घोडेस्वाराची, ती कमरेला दोरीने लोंबती, धार खाली करून बांधीत. कताना पायी चालणाऱ्याची. ती कमरपट्ट्यात धार वर करून खोचीत, म्हणजे उपसणे आणि वार करणे एकाच हिसक्यात होई. पंधराव्या शतकापासून ही पद्धत रूढ होत गेली, आणि पुढे कित्येक जुन्या लांब ताची देठाकडून कापून आखूड करून कताना म्हणून वापरल्या गेल्या. या कापाकापीत कारागिरांच्या सह्याही गेल्या. ही गोष्ट लक्षात असू द्यावी. पारखीच्या प्रकरणात ती पुन्हा येणार आहे.

आता ही तलवार घडते कशी ते पाहू, कारण तिची निगा आपल्या तलवारीसारखी का करता येत नाही याचे उत्तर तिच्या जन्मातच आहे. आपल्याकडील नामांकित पोलादी पाते हे मुशीत वितळविलेल्या पोलादाचे. त्यावर जोहर उमटतो तो त्या पोलादाच्या अंगचा. जपानात लोखंडाचे चांगले दगडी खनिज थोडे. तिथे नद्यांच्या आणि डोंगरांच्या काळ्या वाळूतून लोखंड काढीत. मातीची एक लांबट भट्टी बांधायची, तिला तातारा म्हणतात. तीत तीन दिवस आणि तीन रात्री आळीपाळीने लोखंडी वाळू आणि कोळसा ओतायचा, भाता थांबू द्यायचा नाही, आणि शेवटी भट्टी फोडून तळाशी जमलेला प्रचंड गोळा बाहेर ओढायचा. त्यातला उत्तम भाग म्हणजे तामाहागाने. भट्टीचा मुख्य कारागीर ज्वाळेचा रंग पाहून आत काय चालले आहे ते ओळखतो. युद्धानंतर हा उद्योग बंद पडला होता. तो शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे १९७७ साली तलवार-जतन संस्थेने पुन्हा सुरू केला. एका खेपेला सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खाऊन ही भट्टी अडीच टनांच्या आसपास गोळा देते, आणि त्यातलाही थोडाच भाग तलवारीच्या लायकीचा निघतो.

मग लोहार त्या पोलादाच्या चकत्या करतो, तुटण्याच्या रीतीवरून कडक कोणती आणि मऊ कोणती ते निवडतो, आणि कडक पोलाद तापवून, ठोकून, दुमडून पुन्हा ठोकतो. असे दहापंधरा वेळा. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. पंधरा घड्यांचे ३२,७६८ थर होतात. या आकड्याचे लोकांना मोठे नवल वाटते आणि जपानी तलवारीच्या अद्भुतकथा बहुधा इथूनच सुरू होतात. खरे कारण अगदी घरगुती आहे. वाळूतून निघालेले पोलाद एकसारखे नसते, त्यात कीट असते; कणीक मळून गुठळ्या मोडाव्यात तसे ते मळून काढावे लागते. शेवटी कडक पोलादाचे कातडे मऊ लोखंडाच्या गाभ्यावर चढवितात. बाहेरचे धार धरते, आतले तुटू देत नाही.

यानंतरचा प्रसंग सगळ्यांत नाजूक. माती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड यांचा लेप पात्यावर देतात; पाठीकडे जाड, धारेकडे अगदी पातळ. मग अंधारात, रंग नीट दिसावा म्हणून, पाते तापवून पाण्यात बुडवितात. आपले लोहार म्हणतात त्याप्रमाणे हत्याराला पाणी पाजतात. पातळ लेपाखालची धार झटक्यात थंड होऊन अतिशय कडक होते, जाड लेपाखालची पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. कडक झालेला भाग आकारमानाने किंचित फुगतो आणि पाते पाठीकडे वाकते. कतानाचा तो डौलदार बाक बव्हंशी या पाण्यात येतो. कित्येक पाती याच क्षणी तडकतात आणि महिन्याची मेहनत भंगारात जाते. जी वाचतात त्यांच्या धारेला लागून एक धुकट पांढरी रेघ उमटते; कुठे सरळ, कुठे लाटेसारखी, कुठे लवंगेच्या कळ्यांच्या ओळीसारखी. तिला हामोन म्हणतात. तोकियो विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ तावारा कुनिइची यांनी विसाव्या शतकात या सर्व क्रियांचा शास्त्रीय अभ्यास केला. लोहारांनी डोळ्यांनी आणि हातांनी जे ठरविले होते ते सूक्ष्मदर्शकाखाली बरोबर निघाले.

हे सर्व सांगण्याचा हेतू असा, की या पात्याचे सौंदर्य त्याच्या पृष्ठभागाच्या केसाएवढ्या जाडीत साठविलेले आहे. शेवटचे काम शिकलगाराचे. तोही एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर पाते आठवडेच्या आठवडे घासतो, आणि शेवटी नखाएवढ्या दगडाचे कपटे अंगठ्याखाली धरून पोलादाची जाळी उघडी करतो. हे शिकावयास दहा वर्षे लागतात असे ते लोक म्हणतात. चिंच आणि राख त्या कामावर काय करील, हे आता निराळे सांगावयास नको.

इतिहासाकडे वळू. वाकड्या, एकधारी तलवारीचा नमुना दहाव्या-अकराव्या शतकांत स्थिर झाला. पुढे यामाशिरो, यामातो, बिझेन, सागामी आणि मिनो अशा पाच प्रांतांच्या पाच परंपरा मानल्या जातात. बिझेनमधील ओसाफुने हे गाव तर पिढ्यान्‌पिढ्या लोहारांचेच. तेराव्या शतकाच्या आरंभी निवृत्त सम्राट गो-तोबा याला तलवारींचा इतका नाद होता, की त्याने निरनिराळ्या प्रांतांतील नामवंत लोहारांना पाळीपाळीने दरबारी बोलावून घेतले होते. १२२१ साली सत्तेच्या झगड्यात हरून तो ओकी बेटावर हद्दपार झाला. १२७४ आणि १२८१ साली मोंगलांच्या स्वाऱ्या झाल्या. त्यानंतरच्या पिढीत सागामी प्रांतात मासामुने झाला. जपानी माणसाला उत्तम तलवार म्हटले की हेच नाव आठवते.

इथे एक गोष्ट आम्हांला सांगितलीच पाहिजे. तलवार म्हणजे सामुराईचा आत्मा, हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु रणांगणावर सामुराईचे मुख्य हत्यार आधी धनुष्य होते, मग भाला झाला, आणि १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोहोचल्यानंतर बंदूक आली. तलवार हे जवळच्या झटापटीचे हत्यार. तिला देवघरातली जागा मिळाली ती लढाया थांबल्यावर. १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या, आणि तोकुगावांच्या अडीचशे वर्षांच्या शांततेत दोन तलवारी खोचण्याचा हक्क हीच सामुराईची ओळख ठरली. ज्या शस्त्राचा उपयोग कमी होतो त्याचा मान वाढतो. आपल्याकडेही पेशवाई बुडाल्यावर घराघरांतल्या तलवारी खुंटीवरून देव्हाऱ्यात गेल्या, हे आपण जाणतोच.

पोर्तुगिजांचा उल्लेख आला आहे म्हणून जाता जाता एवढे सांगतो, की नागासाकीला जाणारी त्यांची गलबते गोव्याहून सुटून मकावमार्गे जात. त्यांच्या आणि नंतर डचांच्या व्यापारातून परदेशी लोखंडही जपानात गेले. तोकुगावांचा लोहार एचिझेन यासुत्सुगु याच्या तलवारींच्या देठांवर 'नान्बान', म्हणजे दक्षिणेच्या फिरंग्यांच्या, लोखंडाने घडविली असा लेख कोरलेला आढळतो. त्यातले काही लोखंड हिंदुस्थानातले असावे असे काही अभ्यासक मानतात. आम्ही या बाबतीत पैज लावणार नाही. उलट दिशेने मात्र एक शब्द नक्की गेला: पोर्तुगीज भाषेत कोयत्यासारख्या हत्याराला आजही 'कताना' म्हणतात.

शांततेच्या या काळातच पारख हे शास्त्र झाले. त्याचे मानकरी होनआमी घराणे. मूळ धंदा तलवारींची निगा, घासणी आणि पारख. हिदेयोशीने त्यांना अधिकृत पारख्यांचा मान दिला आणि पुढे तोकुगावांनी तो चालू ठेवला. याच घराण्यातला होनआमी कोएत्सु (१५५८–१६३७) सुलेखन आणि मृत्पात्रे यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे, पण त्याचे घरचे काम तलवारी पाहण्याचेच. हे लोक पारख करून जाड कागदाला घडी घालून दाखला देत: अमुक लोहाराची तलवार, किंमत इतकी सुवर्णनाणी. घडीच्या या कागदाला ओरिगामी म्हणतात. मुले कागदाचे पक्षी करतात ती ओरिगामी आपण ओळखतो. जपानीत मात्र 'ओरिगामी लागलेला' म्हणजे खात्रीचा, असा वाक्प्रचार या दाखल्यांवरून पडला. १७१९ च्या सुमारास शोगून योशिमुने याच्या सांगण्यावरून होनआमी कोचू याने देशातील नामांकित तलवारींची यादी केली. तीत आगीत जळून गेलेल्या तलवारींचीही नोंद आहे. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला आणि १६५७ साली एदो शहर जळाले, तेव्हा कितीतरी थोर पाती भाजून निघाली होती. आगीत धारेचे पाणी उतरते. अशा काही तलवारींना वर सांगितलेल्या यासुत्सुगुने पुन्हा पाणी पाजले.

आता दाखले देणारे घराणे म्हटले की दाखल्यांत भेसळ आलीच. तलवारी ही नजराण्याची चलनी वस्तू होती. सरदाराने शोगूनला मासामुने द्यावी, शोगूनने दुसऱ्या सरदाराला द्यावी. मागणी वाढली तशा थोर नावांच्या तलवारीही वाढल्या. कोचूचे दाखले आजही विश्वासाने पाहतात. त्याच्या नंतरच्या पिढ्यांच्या दाखल्यांकडे अभ्यासक हात राखून पाहतात. कागद खरा असूनही पारख चुकीची, किंवा पारख बरोबर असूनही कागद दुसऱ्याच तलवारीचा, असे दोन्ही प्रकार घडलेले आहेत. सह्यांचे तेच. ओसाफुनेच्या नामवंतांच्या खोट्या सह्या तर चारशे वर्षांपूर्वीपासून होत आल्या. गंमत अशी, की ज्याचे नाव सर्वांत मोठे त्या मासामुनेच्या सहीची मोठी तलवार जवळजवळ सापडतच नाही. त्याच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या बहुतेक तलवारींवर सही नाही. तेव्हा कुणी 'मासामुने' अशी ठसठशीत सही दाखविली, तर आनंद होण्याऐवजी शंका यावी.

म्हणून जाणते लोक सही सगळ्यांत शेवटी पाहतात. पाते हातभर लांब धरून आधी आकार: बाक कुठे जास्त आहे, देठापाशी की मध्यावर, बुडाशी रुंदी किती आणि टोकाशी किती. एवढ्यावरून शतक साधारण सांगता येते. मग एका दिव्याच्या उजेडात पोलादाची जाळी पाहायची. लाकडाच्या रेषांसारखी आहे की गाठींसारखी. मग हामोन. दिव्याच्या रेषेत पाते हळू हळू तिरपे केले की ती धुक्याची रेघ उजळते आणि तिच्या कडेला दवबिंदूंसारखे बारीक कण चमकतात. मग टोकाच्या आतली तिची वळणे. एवढे झाले, मनाशी लोहाराचे नाव ठरले, की मूठ उतरवून देठ पाहायचा. जपानात सही झाकून नाव ओळखण्याच्या बैठका होतात. आपल्याकडे चार जाणकार तंबोरा जुळला की नाही यावर बसून बोलतात, तसल्या.

देठ हा या सगळ्याचा साक्षीदार. त्यावर कानशीच्या रेघा असतात, त्यांची दिशा घराण्याघराण्यांत वेगळी, टोकाचा आकार वेगळा, आणि गंज. शंभर वर्षांचा गंज तांबूस असतो, तो मुरत मुरत चारपाचशे वर्षांत गुळगुळीत काळसर होतो. ही गोष्ट कुणालाही लबाडीने नीटशी करता येत नाही. म्हणून जपानात देठाचा गंज कधी काढीत नाहीत, त्याला तेलही बेताने लावतात. नवीन सही कोरली तर गंज मधेच तुटतो आणि लबाडी उघडी पडते. अण्णांच्या तलवारीचा हा साक्षीदार गेला.

विकत घेणाऱ्याने दोषही ओळखावेत. धारेला आडवी गेलेली बारीक चीर हा मरणाचा दोष. बाकी कितीही सुंदर असो, ती तलवार टाकावी. टोकाच्या आतली रेघ घासण्यात संपली असेल तर तेही वाईट. वारंवार घासून कातडे झिजून आतले मऊ लोखंड ठिकठिकाणी डोकावत असेल, तर जपानी माणूस तिला 'थकलेली' म्हणतो. किंमत उतरते, पण मान राहतो. लहान फुगवटे, घडीच्या उघड्या रेषा हे वयाचे दोष समजावेत. आमचे मत असे की पहिली तलवार घेणाऱ्याने मोठ्या नावाच्या मागे न लागता, सही नसलेली पण निरोगी तलवार घ्यावी. नाव आपोआप शिकता येते. निरोगी पोलाद डोळ्यांखालून गेल्याशिवाय रोगी ओळखता येत नाही. आणि बाजारात भिंतीवर टांगण्याच्या ज्या चकचकीत 'कताना' मिळतात, त्यांतल्या पुष्कळांवर हामोन तेजाबाने किंवा ब्रशाने काढलेला असतो. दिव्याखाली तिरप्या केल्या तर त्या रेघेला खोली नाही हे दिसते. त्यांच्या मुठीतला देठ बारीक, जोड दिलेला असतो. अशी तलवार पोराच्या हाती देऊन फिरवू दिली तर पाते सुटून कुणाच्या तरी अंगावर जाईल.

खऱ्या जुन्या तलवारीलाही दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिक होणार नाही. तोकुगाव काळात तलवारींची परीक्षा देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर होई. यामादा आसाएमोन हे त्या कामाचे वंशपरंपरागत नाव, आणि किती देह एका वारात तुटले हे काही तलवारींच्या देठावर सोन्याने मढवून लिहिलेले आहे. १८७६ साली सरकारी हुकमाने सामुराईंना तलवार बाळगून हिंडण्याची बंदी झाली, लोहार देशोधडीला लागले, कुणी कात्र्या आणि विळ्या करू लागले. मेइजी सम्राटाने १९०६ साली गास्सान सादाकाझु आणि मियामोतो कानेनोरी या दोघा लोहारांना राजकलावंत नेमले म्हणून विद्या टिकली. पण तिला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले ते लष्कराकडून. १९३४ साली अधिकाऱ्यांसाठी जुन्या ताचीच्या धर्तीची तलवार ठरली आणि कारखान्यांतून ती हजारोंनी निघू लागली. चीनमध्ये, मलायात, न्यू गिनीमध्ये बांधलेल्या कैद्यांच्या मानांवर ती चालली. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात संगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीने ज्या जपानी सैन्याला तोंड दिले, त्याचे अधिकारी हीच तलवार लावून होते. आपल्या घरांतून जी काही जपानी पाती आहेत, त्यांचा हा मागचा प्रवास आहे.

ही लष्करी तलवार कोणत्या जातीची, हे ओळखणे सोपे आहे. हवालदारांना दिलेल्या तलवारीची मूठ बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची, वर रंगाने दोरीचा भास केलेला, पाते यंत्रावरचे आणि मुळाशी आकडा ठोकलेला. अधिकाऱ्यांच्या तलवारींतल्या बहुतेक कारखान्यातल्या पोलादाच्या, तेलात थंड केलेल्या. देठावर लहानसा शिक्का असतो. परंतु कित्येक अधिकाऱ्यांनी घरचे जुने पाते लष्करी मुठीत बसवून नेले होते. म्हणून मूठ पाहून तलवारीची जात ठरवू नये. चामडी म्यानात तीनशे वर्षांचे पाते असू शकते.

१९४५ च्या शरणागतीनंतर अमेरिकन सैन्याने जपानातली सर्व शस्त्रे गोळा करण्याचा हुकूम काढला. पोलिसचौक्यांपुढे लोक तलवारी घेऊन रांगा लावून उभे राहिले. कुणी अंगणात पुरल्या, आणि पुरलेले पोलाद आठवड्यांत जाते. ज्या पोहोचल्या त्यांतल्या कित्येक वितळविल्या गेल्या, समुद्रात टाकल्या गेल्या, सैनिकांच्या सामानात गेल्या. तोकुगाव घराण्याचे मानचिन्ह असलेली 'होन्जो मासामुने' १९३९ साली राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाली होती. घराण्याच्या प्रमुखाने कायदा पाळून ती डिसेंबर १९४५ मध्ये तोकियोच्या मेजिरो पोलिसचौकीवर जमा केली. त्यानंतर ती कुणी पाहिलेली नाही. कायदा मोडून जमिनीत पुरणारा आणि कायदा पाळून जमा करणारा, दोघांच्याही हातून तलवार गेली; या प्रसंगावर आम्ही पुष्कळदा विचार केला आहे आणि त्या गृहस्थाने काय करावयास हवे होते हे आम्हांला अजून सांगता येत नाही.

ज्यांच्यामुळे उरलेल्या वाचल्या त्यांतले मुख्य होन्मा जुन्जी. तलवारींचे हे गाढे अभ्यासक अमेरिकन लष्करी पोलिसांचे कर्नल कॅडवेल यांच्यापुढे जाऊन बसले आणि शस्त्र कुठे संपते, कला कुठे सुरू होते हे पात्यांवर दाखवून देऊ लागले. कर्नल पटला. १९४६ पासून कलादृष्ट्या मोलाच्या तलवारी नोंदवून मालकाकडे ठेवण्याची सोय झाली, आणि पारख्यांच्या मंडळ्या गावोगाव फिरून निवड करू लागल्या. तोकियोतील आकाबाने येथील अमेरिकन कोठारातून काही हजार तलवारी वेगळ्या काढल्या गेल्या. त्या आजही 'आकाबाने तलवारी' म्हणून ओळखल्या जातात. १९४८ साली तलवार-जतन संस्था निघाली. १९५३ पासून परवाना घेऊन नवीन तलवारी घडविण्यास मोकळीक मिळाली, आणि १९५८ च्या कायद्याने सगळी व्यवस्था पक्की झाली. आज तिथे प्रत्येक तलवारीला नोंदणीचा कागद असतो, तो माणसाचा नसून तलवारीचा असतो. लोहाराने महिन्याला दोनच मोठ्या तलवारी कराव्यात असा नियम आहे, म्हणजे कारखाना होऊ नये. कारखान्यातल्या लष्करी तलवारींना मात्र त्या देशात नोंदणी मिळत नाही. तिथून तलवार आणावयाची तर सांस्कृतिक खात्याचा निर्यात-दाखला लागतो, आणि आपल्याकडे १९५९ चा शस्त्रकायदा आहे. मागविण्यापूर्वी पोलीस ठाण्यात आणि जकातीच्या कचेरीत विचारून घ्यावे, मागाहून नव्हे.

आता निगा. तलवार उपसताना धार वर ठेवून, पाठ म्यानावरून सरकवीत उपसावी. म्हणजे म्यानही कापले जात नाही आणि बोटही. पात्याला बोट लावू नये. घामाचा ठसा आपल्या हवेत चारदोन दिवसांत गंज होऊन उमटतो आणि तो शिकलगाराशिवाय निघत नाही. पात्याकडे तोंड करून बोलूही नये. थुंकीचा कण पुरतो. जपानी माणसे पाहताना ओठांत कागद धरीत, त्याचे कारण हेच.

मूठ एका बांबूच्या खुंटीने धरलेली असते. ती लहान हातोडीने ठोकून काढावी, मूठ डाव्या हातात उभी धरून उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके आघात करावेत. पाते आपोआप ढिले होते. खुंटी हरवली म्हणून तिथे खिळा ठोकू नये. हे सांगण्याचे कारण, आम्ही खिळा ठोकलेला पाहिला आहे. मग जुने तेल मऊ कागदाने, बुडाकडून टोकाकडे, पाठीच्या बाजूने धरून पुसावे. यानंतर रेशमी गोळ्यात बांधलेली दगडाची अतिबारीक पूड पात्यावर टिचकावून पुन्हा पुसण्याची जुनी रीत आहे. हल्ली पुष्कळ संग्रहालये ही पूड टाळतात, कारण वर्षानुवर्षांच्या पुसण्याने सूक्ष्म ओरखडे पडतात. नवख्याने टाळावीच. नवे तेल मात्र अगदी पातळ, जेमतेम दिसेल न दिसेल इतके लावावे. जपानी तेलाला लवंगेचा वास असतो. ते न मिळाले तर हलके, शुद्ध खनिज तेल चालते. खोबरेल, तीळ, करडई यांतले काही नको. खाद्यतेल वाळून चिकटते, पिवळा पापुद्रा धरते. वर्षातून दोनतीनदा हे केले की पुरे. कोकणात पावसाळ्याचे चार महिने दर महिन्याला पाहावे.

ठेवण्यासाठी रंगविलेले म्यान नव्हे. जपानात होनोकी नावाच्या मऊ लाकडाचे साधे म्यान त्यासाठी करतात, त्याला शिरासाया म्हणतात. त्याच्या दोन फाळी भाताच्या खळीने चिकटविलेल्या असतात. आत घाण जमली की फाळी उकलून साफ करता याव्यात म्हणून. एवढा पुढचा विचार! लष्करी चामडी म्यान तर ओल धरते. त्यात पाते ठेवू नये. गंजाचा ठिपका दिसला तर तेल लावून थांबावे, घासू नये. आपल्या शिकलगाराला आम्ही कमी लेखीत नाही, पण त्याचा चाकावरचा हात या पात्याच्या उपयोगाचा नाही. प्रत्येक घासणीत कातडे जाते आणि एका तलवारीच्या नशिबी अशा घासण्या थोड्याच असतात.

अण्णांना हे सर्व आम्ही पुढे पत्राने कळविले. देठाचे काय झाले तेही लिहिले. लपविणे बरे वाटले नाही. बरेच दिवस उत्तर नव्हते. आम्हांला वाटले, रागावले. मग एक कार्ड आले. त्यात देठाबद्दल अवाक्षर नव्हते. एवढेच विचारले होते, की पात्याला कुंकू लावले तर चालेल काय, आईच्या हातची ती रीत आहे. आम्ही लिहिले, पात्याला नको, त्यातली ओल आणि खार पोलादाला बाधतो, म्यानाला लावा. पुढल्या दसऱ्याला आम्ही गेलो तेव्हा तलवार पाटावर म्यानात होती, म्यानावर कुंकवाचे बोट आणि झेंडू होता, आणि पाटाशेजारी शिवणयंत्राच्या तेलाची नवी बाटली.